गरज होती, माहिती नव्हती

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कोणी बसमध्ये ऐकत असेल, कोणी जिममध्ये, कोणी भांडी घासता घासता. मी स्वतः पॉडकास्ट भांडी घासतानाच ऐकते, त्यामुळे तुमचं स्वागत आहे.

आजचा विषय जुना आहे. 'गरज ही शोधाची जननी आहे.' शाळेत निबंधाला यायचा, आठवतंय? मी पण लिहिलाय. आदिमानवाला थंडी वाजली, त्याने आग शोधली, दहापैकी आठ मार्क. पण या वाक्याशी माझं खरं भांडण झालं ते दोन वर्षांपूर्वी, माझी नोकरी गेली तेव्हा.

मंगळवार होता. सकाळी अकराला कॅलेंडरवर 'क्विक कनेक्ट' नावाची पंधरा मिनिटांची मीटिंग आली. ज्यांनी आयटीत काम केलंय त्यांना कळलं असेल. पंधरा मिनिटांत संपलं. दुपारी दोन वाजता लॅपटॉप लॉक. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन काही फायदा पण नाही. पुण्यात भाड्याचा फ्लॅट, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू, घरी दर महिन्याला पैसे पाठवायचे. आणि खात्यात जेमतेम दीड महिन्याचा खर्च.

गावाकडून काकांचा फोन आला. काका चांगले आहेत हां, मनापासून बोलले. म्हणाले, "काळजी करू नको बाळा. गरज माणसाला सगळं शिकवते. आता बघ तू कशी सुसाट सुटतेस."

मी सुसाट वगैरे काही सुटले नाही. पहिला महिना मी एकच रेझ्युमे शेकडो ठिकाणी पाठवला, रात्री तीनपर्यंत जागले, आणि दिवसा झोपून राहिले. गरज तर पुरेपूर होती. मग ती मला काही शिकवत का नव्हती?

तिथून मी हे सगळं वाचायला लागले. आणि वाचता वाचता एक गोष्ट सापडली, ती आज सांगायचीय. ती आपल्या देशातली आहे, ५० वर्षांपेक्षा जुनी आहे, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाच्या अंगात ती कधी ना कधी गेलेली आहे. अक्षरशः अंगात. ओआरएस. ती संत्र्याच्या चवीची पावडर, जुलाब झाल्यावर पाण्यात घालून पितो ती.

चला, १९७१ मध्ये जाऊया.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कारवाई सुरू केली. माणसं जीव घेऊन भारताच्या सीमेकडे निघाली. पुढच्या काही महिन्यांत जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. चिखलातून चालत आले, पावसात उघड्यावर राहिले, मिळेल ते पाणी प्यायले. आणि कॉलरा पसरला.

कॉलऱ्यात माणूस मरतो कशाने? जंतू शरीर खात बसत नाही. पाणी जातं. इतक्या वेगाने जुलाब आणि उलट्या होतात की धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो. रक्तातलं पाणी आणि क्षार संपतात, रक्तदाब कोसळतो, माणूस जातो. याच्यावरचा तेव्हाचा पक्का इलाज म्हणजे शिरेतून सलाईन. बाटली, सुई, स्टँड, आणि सुई लावता येणारा प्रशिक्षित माणूस.

कोलकात्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, सीमेला लागून, बनगाव नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोचले. बालरोगतज्ज्ञ. कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र होतं, तिथे ते काम करायचे. बनगावला दोन खोल्या रुग्णांनी भरलेल्या होत्या, आणि रुग्ण जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचं तर त्या घाणीत, उलटीत गुडघे टेकून बसावं लागायचं. सोबतच्या टीममध्ये हे करता येणारी माणसं दोनच. बाटल्या संपत चाललेल्या. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की या पद्धतीने ही लढाई आपण हरतोय.

इथे थांबून माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते.

सॉफ्टवेअरमध्ये गरजेला आम्ही 'रिक्वायरमेंट' म्हणतो. क्लायंट येतो आणि सांगतो, मला इथे एक बटण पाहिजे. नवखा इंजिनिअर बटण बनवून देतो. जुना इंजिनिअर विचारतो, "बटण कशाला पाहिजे? त्याने काय होणार?" मग कळतं, क्लायंटला रोज संध्याकाळी एक रिपोर्ट हवाय, आणि तो आपोआप मेलवर गेला तर बटणाची गरजच नाही. क्लायंटने मागितलं ते एक, त्याला लागत होतं ते दुसरं.

आता बनगावला परत या. मागणी काय होती? सलाईनच्या बाटल्या पाठवा. नर्स पाठवा. सुया पाठवा. सगळे तेच मागत होते. पण शरीराला नक्की काय लागत होतं? पाणी आणि मीठ. बस. ते शिरेतूनच गेलं पाहिजे असा शरीराचा हट्ट नव्हता.

मग तोंडाने का देत नव्हते? कारण साधं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी कॉलऱ्याच्या रुग्णाच्या आतड्यात नीट शोषलंच जात नाही, येतं तसं निघून जातं. पण इथे एक गंमत आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार आहे, जे ग्लुकोज आणि सोडियम दोघं जोडीने आले तरच उघडतं. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं. आणि कॉलऱ्याचं विष हे दार बंद करत नाही! म्हणजे मिठाच्या पाण्यात योग्य प्रमाणात साखर घातली, की पाणी आत. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही जोडीची कल्पना १९६० मध्ये मांडली होती. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने ग्लुकोज-मिठाचं पाणी देऊन त्याबद्दल लिहिलं होतं. आणि १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी ढाक्यात हे रुग्णांवर व्यवस्थित मोजमाप करून दाखवलं होतं.

म्हणजे उत्तर आधीपासून होतं. मग अडलं कुठे? मोजमाप झालं होतं ते दवाखान्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पाणी किती गेलं, किती आलं, सगळं लिहून. छावणीत, चिखलात, अडाणी नातेवाइकांच्या हातात हे देऊन चालेल असं बहुतेक डॉक्टरांना वाटत नव्हतं. सलाईन म्हणजे खरं औषध, आणि साखर-मीठ-पाणी म्हणजे सरबत. असा तो भाव होता.

महालनबीसांनी ठरवलं, द्यायचं. दुसरा रस्ताच नव्हता.

कोलकात्यात त्यांच्या केंद्रातली लायब्ररीची खोली रिकामी करून तिथे पिशव्या भरायला घेतल्या. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्या, तोंड गरम इस्त्रीने चिकटवलेलं. पिशव्या बनगावला न्यायच्या, नळ लावलेल्या ड्रममध्ये स्वच्छ पाण्यात मिसळायच्या. आणि आई, भाऊ, बायको, जो कोणी सोबत असेल त्याच्या हातात पेला द्यायचा. भरा आणि पाजा. पीत राहतील तोपर्यंत पाजा. अगदी अत्यवस्थ रुग्णांसाठी उरलेलं सलाईन राखून ठेवलं.

म्हणजे बघा, एका झटक्यात नर्सांची संख्या किती झाली? जेवढे नातेवाईक, तेवढ्या नर्स.

आठ आठवड्यांत साधारण ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. आधी छावण्यांमध्ये १०० पैकी ३० च्या आसपास रुग्ण दगावत होते. बनगावात हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

१९७३ मध्ये महालनबीसांचा अहवाल छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेतले डॉ. धीमान बरुआ स्वतः छावणीत येऊन हे बघून गेले होते, त्यांनी हा मुद्दा लावून धरला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयात लिहिलं, की हा कदाचित या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. साखर, मीठ, पाणी! महालनबीस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आणि आपल्याला शाळेत त्यांचं नाव कोणी सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल तर कमेंटमध्ये शाळेचं नाव टाका, मला त्या शिक्षकांना नमस्कार करायचाय.

आपल्या पुण्यातलं एक छोटं उदाहरण पटकन सांगते, कारण ते आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचं आहे. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून 'क्रे' कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. हवामानासाठी एक मिळाला, तोही कडक अटींवर. जास्त ताकदीचा द्यायला नकार आला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, डॉ. विजय भटकर प्रमुख. तसा एक राक्षसी प्रोसेसर आपल्याकडे बनणार नव्हताच. पण काम भराभर व्हायला एकच राक्षस लागतो का? बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्यात काम वाटून दिलं तर? १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. ट्रान्सप्युटर नावाच्या ब्रिटिश चिप वापरून. इथेही तेच झालं बघा. 'क्रे कसा मिळवायचा' हा प्रश्न बंद झाला, म्हणून 'मोठं गणित भराभर कसं सोडवायचं' हा प्रश्न उघडला.

इथपर्यंत काकांचं बरोबर वाटतंय ना? गरजेत ताकद आहे. ती फाफटपसारा काढून टाकते आणि मूळ मुद्द्यावर आणून सोडते. हे मला मान्य आहे.

पण हा भाग मी इथे संपवला असता, तर मी खोटं बोलले असते. कारण याच काळातली दुसरी एक गोष्ट माझ्या घरातली आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात. माझी आज्जी आता ऐंशीच्या पुढे आहे. मी तिला फोनवर ही बनगावची गोष्ट सांगत होते. साखर, मीठ, पाणी, असं असं झालं, हजारो माणसं वाचली. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं रेंज गेली. मी दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मग म्हणाली, "कोन्त्या सालातलं म्हनलीस गं हे?"

म्हटलं, "एकाहत्तर."

म्हणाली, "आन् आपली सखू भात्तरच्या दुष्काळात गेली."

सखू म्हणजे माझी आत्या. मला आत्या होती हे मला माहीत होतं. लहानपणीच गेली, एवढंच माहीत होतं. घरात त्यावर कोणी बोलत नसे. दोन वर्षांची होती. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे मराठवाड्यात आजही लोक वय सांगताना वापरतात, 'दुष्काळात जन्मलेला', 'दुष्काळाच्या आधीचा'. विहिरी आटलेल्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला मिलो, ती अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी. माझे आज्जी-आजोबा दोघंही रस्त्याच्या कामावर होते. प्यायचं पाणी जिथे मिळेल तिथलं. सखूला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

आज्जी म्हणाली, "लेकरू पानी-पानी करत व्हतं. समदे म्हनले, पानी दिऊ नको, पानी दिलं की अजून व्हतंय. म्या दिलं नाही."

एवढंच बोलली. 'म्या दिलं नाही.' पन्नास वर्षं झाली तरी ती हे वाक्य तसंच बोलते.

तिची चूक नव्हती हां. तेव्हा खूप ठिकाणी हाच समज होता, आणि दिसायला तर्क बरोबरच वाटतो ना? पाणी बाहेर पडतंय, तर आत घालू नका. आजही काही घरांत हे चालतं.

मी त्या रात्री झोपले नाही. कारण मी इंजिनिअर आहे, माझं डोकं यादी करायला लागलं. घरात मीठ होतं? होतं. गूळ होता? थोडा का होईना, होता. पाणी? कमी होतं, पण एका लेकराला पुरेल इतकं होतं. पाजणारा हात? आईचा होता. गरज? त्या आईपेक्षा जास्त गरज जगात कोणाला असेल? बनगावच्या डॉक्टरपेक्षाही जास्त. सगळं सामान घरात होतं. फक्त एक ओळीची माहिती नव्हती. आणि ती माहिती त्याच देशात, एक वर्ष आधी, हजारो लोकांना वाचवून झाली होती.

मग सांगा, गरज शोधाची जननी कशी? माझ्या आज्जीला गरजेने काय शिकवलं?

म्हणून मला आता वाटतं, गरज एकटी काही जन्माला घालत नाही. महालनबीसांकडे गरज होती, पण त्याआधीची वीस वर्षांची माहितीही होती. लायब्ररी होती, तराजू होता, पिशव्या होत्या, आणि चुकलो तरी पुन्हा प्रयत्न करायची मुभा होती. गरजेने फक्त दार ढकललं. दाराच्या मागे काही ठेवलेलंच नसेल, तर ढकलून काय मिळणार?

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतले ऊस उत्पादक शेतकरी. ऊस म्हटल्यावर आपल्याकडच्या लोकांचे कान टवकारणारच! तर, उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात. म्हणजे तोडणीच्या आधी हात तंग, नंतर हात मोकळा. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोन्ही वेळा घेतली. माणूस तोच. तोडणीच्या आधी, पैशाची चणचण असताना, तो चाचणीत कमी पडला. पैसे आल्यावर तोच माणूस चांगला ठरला. म्हणजे काय, तो आधी मंद होता का? नाही. त्याचं डोकं हप्ते, उधारी, मुलांची फी याच्यातच अडकलेलं होतं. आपल्या फोनमध्ये पाठीमागे वीस ॲप चालू असली की समोरचं ॲप हँग होतं ना, तसं.

मला माझा तो पहिला महिना लगेच आठवला. मी आळशी झाले नव्हते. माझं डोकं पाच तारखेच्या हप्त्यावर हँग झालं होतं.

मग त्यातून बाहेर कशी आले? माझ्या जिद्दीने? नाही हो. माझ्या रूममेटमुळे. एका संध्याकाळी तिने चहा केला आणि म्हणाली, "हे बघ, तीन महिने भाडं मी बघते. जमेल तेव्हा परत दे. पण तू रात्रीची झोप." मी आधी नको नको केलं. अभिमान असतो ना. मग घेतलं.

आणि खरं सांगते, त्या रात्री मी आठ तास झोपले. सकाळी उठून पहिल्यांदा मी स्वतःला इंजिनिअरसारखा प्रश्न विचारला: तुझी रिक्वायरमेंट काय आहे? तोपर्यंत मी काय मागत होते? तीच पोस्ट, तेच पॅकेज, तसलंच आयडी कार्ड. मला लागत काय होतं? घरी पैसे जावेत आणि हप्ता चुकू नये, इतकी कमाई. आणि जे काम मला येतं ते.

मग आठवलं, गावाकडच्या दूध संकलन केंद्रावर अजून वहीत लिहितात. फॅट किती, एसएनएफ किती, त्यावरून दर, दहा दिवसांनी हिशोब. बेरजा चुकतात, भांडणं होतात. मी लहानपणी बाबांबरोबर कॅन घेऊन त्या रांगेत उभी राहिलेली आहे, मला तो हिशोब पाठ आहे. डेटाबेस कॉलेजात शिकले होते, तेव्हा 'याचा काय उपयोग' म्हणत शिकले होते. एका केंद्रासाठी छोटं बिलिंगचं सॉफ्टवेअर केलं. मग शेजारच्या केंद्राने मागितलं. मग तिसऱ्याने. त्यात मी श्रीमंत वगैरे झाले नाही, ही त्या प्रकारची गोष्ट नाहीये. सात महिन्यांनी मला पुन्हा नोकरी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. रूममेटचे पैसे परत केले. दूध केंद्रांचं काम अजून शनिवार-रविवारी चालू आहे.

काका आता सगळ्यांना सांगतात, "बघा, गरजेने पोरगी घडली." मी काही बोलत नाही. पण तुम्हाला सांगते. गरज तर पहिल्या दिवसापासून होती. मला उभं केलं ते तीन महिन्यांच्या भाड्याने, कॉलेजात शिकलेल्या विषयाने आणि बाबांबरोबर रांगेत उभं राहिल्याने.

हे वेगळं करून सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. कारण 'गरज माणूस घडवते' हे वाक्य आपण स्वतःला धीर द्यायला वापरतो तोवर ठीक. पण ते दुसऱ्याला मदत न करण्यासाठी वापरायला लागलो, की ते फार वाईट होतं. 'त्याला झळ बसू दे, मग शिकेल.' 'आम्ही नाही का दिव्याखाली अभ्यास केला?' केलात, मान्य. पण त्याच दिव्याखाली बसलेली बाकीची दहा पोरं कुठे गेली, ते कोणी विचारत नाही. ती भाषणं द्यायला येत नाहीत. माझी सखू आत्या कुठल्याच प्रेरणादायी व्हिडिओत नाहीये.

याच्या उलट काय करता येतं, त्याची पण उदाहरणं आहेत. बहात्तरच्या दुष्काळात दिसलेली गरज महाराष्ट्राने 'सोसा आणि शिका' म्हणून सोडून दिली नाही. त्यातून रोजगार हमी योजना रुजली, वि. स. पागे यांनी ती उचलून धरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. पुढे २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमीचा कायदा आला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आणि बांगलादेशात काय झालं बघा. ओआरएसची पुडी गावागावात पोचेना. तेव्हा 'ब्रॅक' नावाच्या संस्थेने ठरवलं, पुडी नाही तर नाही, रीत पोचवू. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या बायका दारोदार गेल्या, एकेका आईला समोर बसवून शिकवलं. सव्वा कोटीच्या आसपास घरं! आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: शिकवणाऱ्या बाईला पैसे किती घरं केली यावर मिळायचे नाहीत. नंतर दुसरं कोणीतरी जाऊन त्या आईला विचारायचं, तिला किती लक्षात आहे, ती पाणी नीट बनवते का, आणि त्यावर शिकवणारीचं मानधन ठरायचं. आमच्या क्षेत्रात याला टेस्टिंग म्हणतात, आणि खरं सांगू, आम्ही पण इतकं प्रामाणिक टेस्टिंग करत नाही.

मीठ, गूळ, पाणी, चिमूट आणि मूठ. हे सगळं माझ्या आज्जीच्या चुलीपाशी होतं.

तर या भागातून काय घ्यायचं? मी तीनच गोष्टी सांगते.

पहिली, अडचणीत असाल तर आपण काय मागतोय आणि आपल्याला काय लागतंय, या दोन गोष्टी कागदावर वेगवेगळ्या लिहा. मोबाइलवर नको, कागदावर.

दुसरी, गरज यायच्या आधी शिकून ठेवा. 'याचा काय उपयोग' वाटलं तरी. उपयोगाचा दिवस आधी कळवून येत नाही.

आणि तिसरी, तुमच्या आसपास कोणी अडकलं असेल, तर त्याला 'गरज शिकवेल' म्हणून सोडू नका. महिन्याचं भाडं, आठवड्याचा डबा, एक ओळखीचा फोन नंबर, जे जमेल ते द्या. आधी त्याला झोपू द्या. मग तो स्वतःच शोधेल.

आणि जाता जाता ती एक ओळ, जी १९७२ मध्ये आमच्या घरी पोचली नाही. लिहून घ्या, घरच्या ग्रुपवर टाका. जुलाब होत असतील तर पाणी बंद करायचं नाही. ओआरएसची पुडी असेल तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी घालायची, अर्धी नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे चहाचा छोटा. मीठ जास्त नको. थोडं थोडं, सारखं पाजत राहायचं. बाळ अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवायचं. आणि लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, रक्त पडलं, मूल सुस्त झालं किंवा पोटात काही ठरत नसेल, तर वाट न बघता दवाखाना.

हे मी गेल्या दिवाळीत गावी आमच्या घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं. आज्जीला वाचता येत नाही. तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आता शेजारच्या सुनेचं लेकरू आजारी पडलं, की आज्जीच काठी टेकत जाते आणि सांगते, "पानी दे गं. देत ऱ्हा."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात अशी एखादी ओळ असेल, जी उशिरा पोचली, तर मला नक्की लिहून पाठवा. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, पाणी पीत राहा!